दोन व्हॉलमधली वाट

"मग कारणाच्या रकान्यात मी काय लिहू?"

"काय बी लिहू नको. मोकळा ठेव."

"सबंध पान भरलंय, अप्पा. पाणी कधी सोडलं, कधी बंद केलं, समदं. एकच रकाना मोकळा ठेवला तर लोकांची नजर पहिल्यांदा तितंच जाणार की."

"जाऊ दे."

"जाऊ दे? लोक चोर म्हणतील तुम्हाला!"

"म्हणू देत. हळू बोल. भिंतीपल्याडचे माग आज बंद हायत."

धोंडप्पानं भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाच्या चटणीला लावला आणि ताटातच ठेवून दिला. उजवा पाय त्यानं लांब पसरला होता. मांडी घालून जेवायला बसणं त्यानं कधी सोडलं, हे दाक्षायणीला आठवू म्हटलं तरी आठवेना. त्याची ही एकुलती लेक उंबऱ्यात उभी होती. हातात नागरिक समितीची लांब वही, मनगटावर समितीचंच घड्याळ. पुरुषी पट्ट्याचं ते घड्याळ सारखं खाली घसरायचं आणि ती ते वर सारायची.

"साकु, पुरे आता," चुलीपाशी बसलेली चंद्रव्वा म्हणाली. "सकाळधरनं बापलेकीचं एकच चाललंय. घास तरी गिळू दे की त्यास्नी."

"अव्वा, पाच वाजता सभा हाय. आता न्हाय तर कधी बोलायचं?"

"बोलून काय व्हतंय? तुज्या अप्पांनी तीस वर्षांत मला एका गोष्टीचं सरळ उत्तर दिलं न्हाय. तू एका दुपारी काढतीस व्हय?"

एरवी ह्यावर धोंडप्पा हसला असता. आज त्यानं नुसता पाण्याचा तांब्या पुढं ओढला.

संध्याकाळी पाचला शाळेच्या वर्गात, पेठेसमोर, त्याला एक प्रश्न विचारला जाणार होता. वरच्या गल्लीला पन्नास मिनिटं पाणी आणि खालच्या गल्लीला वीस, हे कुणाच्या सांगण्यावरून? प्रश्न वहीत दाक्षायणीच्याच अक्षरात लिहिलेला होता. त्याचं उत्तर तिला चार दिवसांपूर्वी कळलं होतं. अप्पाला त्याच दिवशी, तिच्याबरोबरच कळलं होतं. अव्वाला बहुतेक दोघांच्या आधीपासून ठाऊक होतं. पण ते उत्तर तोंडातून बाहेर पडलं की धोंडप्पाच्या हातातली चावी जाणार होती, आणि ती चावी आणखी सात महिने त्याच्या हातात राहायला हवी होती.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. चांगली छातीएवढी उंच लोखंडी कांब, वर धरायला आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, आतल्या व्हॉलच्या डोक्यावर चावीचं तोंड बसवायचं आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवायचा, की त्या गल्लीच्या नळांना पाणी येतं. धोंडप्पा मूळचा वळसंगचा. तरुणपणी सोलापुरात आला तो गिरणीच्या दाराशी बदली कामगार म्हणून उभा राहिला, तिथं रोज काम मिळेना म्हणून पाणीखात्यात खड्डे खणायला लागला. खणता खणता जमिनीखालचे पाइप कळले, आणि पाइप कळले तशी एक दिवस चावी खांद्यावर आली. नोकरीत कायम झाल्याचा कागद मात्र फार उशिरा आला. त्या कागदापासून दहा वर्षं भरली तर पेन्शन. नाहीतर नारळ, टोपी आणि साहेबांचं दोन शब्दांचं भाषण. दहा वर्षं भरायला सात महिने कमी होते.

कामाची रीत त्याची त्यानंच बसवलेली. साडेपाचला टाकीवरून पाणी सुटायचं आणि सातच्या ठोक्याला तिथूनच बंद व्हायचं. त्यात त्याचा हात नव्हता. तो आधी वरच्या गल्लीचा व्हॉल उघडायचा. मग चालत मधल्या बोळात जाऊन दोन बारके व्हॉल अर्धे अर्धे सोडायचे. ते पाणी आल्यावरच जमतं, किती फेरे द्यायचे ते हाताला लागणाऱ्या जोरावरून कळतं. मग परत वर येऊन वरची गल्ली बंद करायची. शेवटी उतार उतरून खाली जायचं आणि खालच्या गल्लीचा व्हॉल सोडायचा. वर घरं थोडी, खाली दाट वस्ती. म्हणून वर पस्तीस मिनिटं, खाली पंचेचाळीस, आणि मधली दहा उतरायला. ओव्हरसियरनं हे त्याला एकदाच सांगितलं होतं आणि त्यानं ते पायात बसवून टाकलं होतं. बोळापर्यंत जाऊन, दोन व्हॉल फिरवून, परत आलं की पस्तीस मिनिटं झालेली असायची. मिनिटाचा फरक नाही. घड्याळ त्यानं कधी घेतलंच नाही. कुणी विचारलं तर मांडीवर थाप मारून म्हणायचा, "हे हाय की आमचं घड्याळ! रोज किल्ली द्यावी लागत न्हाय."

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि पेठेला एकदम कंठ फुटला होता. चौकात तालमीच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर पूर्वी मयताची खबर नाहीतर कुस्त्यांची जाहिरात असायची. आता तिथं रोज एक प्रश्न लिहिलेला असायचा. लिहायचे समितीचे हिंदुराव. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवून घरी बसलेला माणूस. खडूनं लिहिलं तरी अक्षर छापल्यासारखं. "रेशनची साखर गेली कुणाच्या चहात?" "शाळेची देणगी ऐच्छिक, तर पावती सक्तीची का?" "दवाखान्यात डॉक्टर अकराला येतात. आजार किती वाजता येतो?" लोक सायकली थांबवून वाचायचे. ज्यांच्यापुढं पेठ टोपी काढून उभी राहायची तो रेशन दुकानदार, तो हेडमास्तर, ते नगरसेवक, एकेक जण शाळेच्या वर्गात येऊन पोरांच्या बाकांसमोर उभा राहून उत्तरं देऊ लागला.

रेशनवाल्याच्या सभेला धोंडप्पा पहिल्या बाकावर होता. टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले होते त्यानं. घरी येऊन चंद्रव्वाला म्हणाला होता, "इचारायलाच पायजे. इचारल्याबिगर कळतंय व्हय कुणाचं काय?" दाक्षायणी मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवणारी. तिला समितीनं वही सांभाळायला बोलावलं तेव्हा सगळ्यात आधी वळसंगला पत्र धाडायला लावलं ते त्यानंच.

मग पाण्याची पाळी आली.

खालच्या गल्लीतल्या बायका दोन वर्षं सांगत होत्या की पाणी कमी येतं. धोंडप्पा दोन वर्षं सांगत होता की मी होतं तेवढंच सोडतो, पाइपात गाळ असेल. गल्लीच्या तोंडाशीच मल्लव्वाचं घर. एकटी, विड्या वळून पोट भरणारी म्हातारी. खालचा व्हॉल सोडून झाला की धोंडप्पा तिच्या ओट्यावर टेकायचा आणि ती त्याला बशीत चहा द्यायची, वर्षानुवर्षांचा रिवाज. एकदा चहा देता देता तिनं विचारलंच होतं. त्यानं सिद्धरामेश्वराची आण घेतली होती. "तुज्या ओट्यावर बसून सांगतो मल्लव्वा, एक मिनिट कमी सोडत न्हाय मी."

"आण घेतलीस, माजं तोंड बंद," ती म्हणाली होती. "पर घागर गप बसत न्हाय की रे. रिकामी घागर लई बोलती."

शेवटी हिंदुराव म्हणाले, तोंडी तक्रार नको, नोंद ठेवा. दोन बायका वरच्या व्हॉलपाशी, दोन खालच्या व्हॉलपाशी, घड्याळं घेऊन पंधरा दिवस उभ्या राहिल्या. वही आखली दाक्षायणीनं: उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, एकूण मिनिटं, कारण. आकडे कुणाकडं बोट दाखवतायत ते तिला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं, पण लिहिणं काही थांबवता येईना. पंधराव्या दिवशी फळ्यावर आलं, "वर पन्नास, खाली वीस. मधलं पाणी कोण प्यायलं?"

वरच्या गल्लीत कापडाचे एक मोठे शेठ राहायचे, पूर्वी नगरसेवक असलेले. सगळ्या पेठेनं आधी त्यांच्या माडीकडं बघितलं आणि मग चावीवाल्याकडं. त्या सकाळी धोंडप्पा ओट्यावर टेकला तेव्हा मल्लव्वाचं दार लोटलेलं होतं. आत स्टोव्ह चालू होता. चहा बाहेर आला नाही.

"वही खोटी हाय," घरी येऊन तो म्हणाला.

"वही मी केलीय, अप्पा."

"मग घड्याळं खोटी."

"चारी?"

"व्हय, चारी! वीस वर्षं त्याच वाटंनं चालतोय मी. मला म्हाईत न्हाय किती येळ लागतो?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती घड्याळ घालून त्याच्याबरोबर निघाली, चार घड्याळं खोटी ठरवायला.

साडेपाचला त्यानं वरचा व्हॉल उघडला. पहारा अजून उठला नव्हता; बायकांनी वेळ लिहून घेतली. धोंडप्पानं चावी खांद्यावर टाकली आणि त्यांच्यासमोरून ताठ चालत गेला. गल्लीचं वळण मागं पडलं, पहारा दिसेनासा झाला, तशी चावी खांद्यावरून खाली उतरली आणि तिचं तोंड रस्त्याला टेकलं. ठक्. दोन पावलं. ठक्. दाक्षायणी पुढं जायची, थांबायची, मागं वळून बघायची.

"अप्पा, चला की."

"चाललोय की. रोज असाच चालतो."

पिठाच्या गिरणीच्या पायरीवर तो टेकला. तिनं विचारलं, "हे काय?"

"दम खातो. रोज खातो."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं."

"न्हाय हो अप्पा. मी शाळेत हुते तेव्हा सुट्टीत तुमच्यासंगं यायची. तुमच्या मागं पळून मला धाप लागायची. तुम्ही हितं कधी बसला न्हाईत."

त्यानं पायरीकडं असं बघितलं, जणू ती आत्ताच कुणीतरी तिथं आणून ठेवली होती.

बोळातल्या खड्ड्यापाशी वाकायला त्याला चावी धरून, डावा पाय पुढं टाकून, उजवा तसाच मागं ओढावा लागला. उठताना दातातून आवाज निघाला. तो त्यानं खोकल्यात घातला. दोन व्हॉल सोडून ते परत वर आले. वळणाशी चावी पुन्हा खांद्यावर गेली. वरची गल्ली बंद झाली.

"पस्तीस," तो घड्याळाकडं न बघताच म्हणाला.

"पन्नास, अप्पा."

"पस्तीस गं!"

तिनं मनगट पुढं केलं. सहा वीस. त्यानं तिचा हात धरून घड्याळ कानाला लावलं. टिकटिक चालू होती. चावी उचलून तो चालू लागला. उतार लागला. उताराला गुडघा चढणीपेक्षा वाईट. दर पावलाला तो आडवा वळून, भिंतीला हात लावून उतरत होता. जिथं दहा मिनिटं लागायची तिथं वीस लागली. खालचा व्हॉल सुटला तेव्हा सहा चाळीस झाले होते. सातला टाकी बंद झाली आणि नळांनी घरघर करून माना टाकल्या. निम्म्या घागरी रिकाम्याच होत्या. मल्लव्वानं तिची उचलली, दोघांकडं बघितलं नाही आणि दार लावून घेतलं.

धोंडप्पा खड्ड्याच्या काठावरच बसला.

"माज्या पायाला तर पस्तीसच झाल्यागत वाटतंय," तो म्हणाला. मग लावलेल्या दाराकडं बघून, "आण घेतली हुती मी तिच्यापुढं."

"तुम्हाला कुटं ठाऊक हुतं?"

"तिला कुटं ठाऊक हाय, मला ठाऊक नव्हतं ते?"

दाक्षायणीला तिथं उभ्या उभ्या एक गोष्ट कळली आणि ती चार दिवस तिची पाठ सोडेना. पहारा तिनं ह्या व्हॉलवर ठेवला होता आणि त्या व्हॉलवर ठेवला होता. दोन व्हॉलमधल्या वाटेवर कुणालाच उभं केलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी हिंदुराव घरी आले. चंद्रव्वानं घोंगडं टाकलं. ते बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. रोज एक प्रश्न काढायचा म्हणजे माणूस थकणारच.

"धोंडप्पा, रागावू नका. तुम्ही आम्हाला नकोच आहात."

"मला वाटलं, मीच पायजे."

"शेठ पाहिजेत. त्यांच्या सांगण्यावरून जास्त सोडतो, एवढं एक वाक्य सभेत बोला. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही, शब्द देतो."

"पर त्येनी सांगितलं न्हाय."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय."

हिंदुराव दमल्यासारखे हसले. "असं कसं होईल? जन्मभर खिळे जुळवलेत मी. छापलेल्या ओळीत एखादं अक्षर उठलं नाही, तर तिथला खिळा कुणीतरी काढलेला असतो."

"झिजत न्हाय व्हय कधी खिळा?"

"झिजतो. पण झिजला तर आम्हाला आधी दिसतो," हिंदुराव म्हणाले आणि टोपी घालून उठले. "विचार करा. रविवारी पाचला."

तो रविवार आज होता. चंद्रव्वानं न खाल्लेली भाकरी उचलून पाटीत ठेवली. दाक्षायणी उंबऱ्यातून आत येऊन बापासमोर बसली.

"शेठचं नाव घेऊ नका, ते मलाबी पटतंय. पर खरं सांगायला काय हरकत हाय? गुडघा दाखवा. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल उलट."

"येईल की. आन् उद्या सकाळी खात्यात बातमी जाईल. साहेब मेडिकलला धाडतील. डॉक्टर पाय वाकवून बघंल, आन् लिहील, ह्या कामाला लायक न्हाय. म्हणून तर सरकारी दवाखान्याची पायरी चढलो न्हाय मी दोन वर्षं. तुजी अव्वा तेल चोळती, तेवढंच."

"आणि चोरीची चौकशी लागली तर?"

"चौकशीला वरीस लागतंय, पोरी. मेडिकलला एक सकाळ. चौकशीचा कागद ह्या टेबलावरनं त्या टेबलावर जाईस्तोवर माजे सात महिने भरत्यात."

"आन् सात महिने खालच्या गल्लीनं काय प्यायचं?"

चंद्रव्वाचा हात पाटीवरच थांबला. धोंडप्पानं पसरलेला पाय दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"आधी खालची सोडतो," तो शेवटी म्हणाला. "मग वरच्यांचं पाणी तुटंल."

"तुटू दे."

"तुटलं की ते फोन करत्यात. त्यांच्या घरात फोन हाय. मुकादम दुसऱ्या दिवशी माज्यासंगं चालायला येईल. दोन पावलांत वळखंल."

"मग मी येते रोज. बोळातले व्हॉल मी फिरवते. तुम्ही वरच थांबा. अंधारात कोण बघतंय?"

तेव्हा मात्र तो हसला. "कोण बघतंय? चार बायका घड्याळ घेऊन हुब्या हायत की. तूच हुब्या केल्यास. सरकारी चावी पोरीच्या हातात, हे फळ्यावर कसं दिसंल, सांग बरं? लई चांगल्या अक्षरात दिसंल."

"मी काय चूक केली, अप्पा? रेशनवाल्याला विचारलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्या. त्येचं काय दुखत हुतं, कुणी बघितलं?"

"तो साखर विकत हुता!"

"व्हय," धोंडप्पा म्हणाला. "तेबी खरंच."

बाहेर उन्हं कलली होती. चंद्रव्वानं कोनाड्यातली तेलाची बाटली काढली, नवऱ्याच्या पायाशी बसली आणि न विचारता धोतर गुडघ्याच्या वर सारलं. गुडघा नवलकोलासारखा दिसत होता. दाक्षायणीनं तोंड वळवलं.

"आण घे," तो म्हणाला. "सभेत तू सांगणार न्हाईस."

"मी आपण होऊन बोलणार न्हाय. पर कुणी मला विचारलं, तर खोटं बोलणार न्हाय."

"मग मी येतो सभेला."

"कशाला? बोलणार तर न्हाईच तुम्ही."

"मी असलो की मला विचारत्यात. तुला विचारायची येळ येणार न्हाय," धोंडप्पा म्हणाला. "चावी हितंच ठेवतो. तिला टेकत गेलो तर न सांगता सांगितल्यागत हुईल."

शाळेचा तो वर्ग लांबुळका होता. एका बाजूला फळा आणि टेबल, दुसऱ्या टोकाला दार, आणि व्हरांड्याच्या अंगानं तीन खिडक्या. पन्नासेक माणसं लहान पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. धोंडप्पा पुढच्याच बाकावर, उजवा पाय बाकाबाहेर काढून बसला. दाक्षायणी टेबलाशी, वही उघडून. बाप आणि लेक समोरासमोर, मध्ये चार हातांचं अंतर.

हिंदुरावांनी आकडे वाचले. मग प्रश्न वाचला. मग म्हणाले, "धोंडप्पा, आम्ही तुमच्यावर आरोप करत नाही. फक्त नाव सांगा."

"नाव न्हाय," धोंडप्पा बसूनच म्हणाला.

"नाव नाही कसं?" मागून कुणीतरी ओरडलं. "शेठच्या माडीवर टाकी भरती ती काय नवसानं?"

"खाल्लं असंल तर पचू द्या त्याला, ऐतवार हाय!"

हशा पिकला. हिंदुरावांनी हात वर केला. "कारणाचा रकाना मोकळा का, दाक्षायणी?"

तिनं वहीकडं बघितलं. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली मल्लव्वा उठली, आणि बाकीच्यांची कुजबुज थांबली.

"मला कुणाचं नाव नको," ती म्हणाली. "मला शेठ नको, कोण नको. धोंडप्पा, माज्याकडं बघ. माज्या ओट्यावर बसून, माजा चहा पिऊन आण घेतलीस तू. मला एवढंच सांग, खरी हुती का खोटी?"

धोंडप्पानं तिच्याकडं बघितलं. ओठ हलले. दाक्षायणीला दिसलं की खरी म्हणणं त्याला जमणार नव्हतं, कारण घागरी रिकाम्या होत्या. आणि खोटी म्हणणं जमणार नव्हतं, कारण तीही खोटी नव्हती. आणि ह्या दोन्हींच्या मधलं जे होतं, ते सांगायला सात महिने कमी पडत होते.

"बोल की रे," मल्लव्वा म्हणाली. तिचा आवाज फुटला. "इतक्या वर्षांचा चहा हाय माजा."

दाक्षायणी खुर्चीवरून अर्धी उठली. "मल्लव्वा, मी सांग—"

दोन्ही तळवे बाकावर आपटून धोंडप्पा उभा राहिला. वर्ग दचकला. त्यानं लेकीकडं एकदा बघितलं, मल्लव्वाकडं बघितलं नाही, आणि वळून चालायला लागला. हातात चावी नव्हती, भिंत लांब होती. बाकांच्या दोन ओळींमधून तो ताठ मानेनं, झपाझपा, एकसारखी पावलं टाकत गेला. दाक्षायणीनं त्याला असं चालताना बघून कितीतरी वर्षं झाली होती. ती शाळेत असताना तो असा चालायचा.

"अरे, चालला की!"

"बघा, बघा, ताठा बघा!"

"आपल्याला उत्तर द्यावं असं वाटतसुद्धा नाही माणसाला."

तो दाराची पायरी उतरला. मल्लव्वा मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. हिंदुराव टेबलापाशी आले, वहीवर वाकले. "लिही, बाळ. विचारलं असता उत्तर दिलं नाही."

दाक्षायणीनं पेन्सिल उचलली आणि खिडक्यांकडं बघितलं. पहिल्या खिडकीतून अप्पाचं डोकं गेलं, सरळ, एका उंचीवर. दुसऱ्या खिडकीतून गेलं, सरळ. लोक एकमेकांशी भांडू लागले होते, अर्ज कलेक्टरला द्यायचा की वर्तमानपत्राला. तिनं घसरलेलं घड्याळ वर सारलं, त्यावर तळहात झाकून धरला आणि तिसऱ्या खिडकीकडं बघत राहिली. तिथं अजून कुणी आलं नव्हतं.